टीव्ही तीनदा अडला, काकांना पत्ताच नाही

आमच्या सोसायटीतल्या दोन रास्पबेरी पायची, म्हणजे छोट्या, स्वस्त कॉम्प्युटरांची, देखभाल २०२१ पासून माझ्या गळ्यात आहे. एक आहे पाय ४, दोन जीबी रॅमचा, तळमजल्यावर लिफ्टशेजारच्या टीव्हीमागे दुहेरी टेपने चिकटवलेला. पाणी कधी येणार, टाकी कधी धुणार, गणपतीची वर्गणी किती जमली, अशा सूचना त्या टीव्हीवर फिरत असतात. दुसरा पाय ४००, म्हणजे कीबोर्डच्या पोटातच कॉम्प्युटर. तो वाचनालयाच्या खोलीत असतो. संध्याकाळी मुलं त्यावर स्क्रॅच खेळतात आणि सकाळी नऊ ते अकरा तो काकांचा. काका निवृत्त आहेत, महापालिकेला पत्रं लिहितात, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड लेआउटने, लिबर-ऑफिसात. पत्र झालं की पेन ड्राइव्हवर घेतात आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात.

दोन्ही मशीनांवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सवर आधारलेली रास्पबेरी पाय ओएस, दोन्हींची मेमरी कार्डं मीच लिहितो, तीही एकाच संध्याकाळी. तरीही चार वर्षांत एक मशीन प्रत्येक बदलाला अडलं आणि दुसऱ्याच्या बाबतीत कुणाचं लक्षही गेलं नाही. डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट (टास्कबार, मेनू, सेटिंग सगळं जोडून दिलेला संच) घ्यावं की नुसता विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम), या जुन्या वादाचं यापेक्षा सरळ उदाहरण मला भेटलेलं नाही. आणि मी काही तटस्थ माणूस नाही, हे आधीच सांगतो. माझ्या लॅपटॉपवर गेली कित्येक वर्षं स्वे हा नुसता विंडो मॅनेजर आहे, म्हणजे पॅनेल-बिनेल जिथे ज्याचं त्याने आणायचं ती जमात.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला तेव्हा त्यात २५६ एमबी रॅम आणि ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोर होता. एवढ्याशा जागेत जीनोम किंवा केडीईसारखं मोठं एन्व्हायर्नमेंट मावणार नव्हतं. म्हणून एलएक्सडीई हे हलकं एन्व्हायर्नमेंट घेतलं. हा प्रकल्प २००६ मध्ये तैवानमधल्या एका प्रोग्रामरने सुरू केलेला. त्यात टास्कबार म्हणजे एलएक्सपॅनेल, फाईली बघायला पीसीमॅनएफएम, सगळं सुरू करून द्यायला एलएक्ससेशन. खिडक्या हलवणं, लहानमोठ्या करणं, त्यांना चौकट देणं हे काम मात्र एलएक्सडीईने स्वतः लिहिलंच नाही. त्यासाठी ओपनबॉक्स नावाचा तयार विंडो मॅनेजर उसना आणला. सप्टेंबर २०१६ मध्ये रास्पबेरी पायच्या लोकांनी याच सगळ्यावर हात फिरवून, आयकॉन, रंग, मेनू नीट बसवून त्याला पिक्सेल असं नाव दिलं. नाव नवीन, पण आत ओपनबॉक्सच.

म्हणजे इथे विंडो मॅनेजर आणि एन्व्हायर्नमेंट हे दोन पक्ष नव्हतेच मुळी. एक दुसऱ्याच्या पोटात होता. एन्व्हायर्नमेंट म्हणजे मंगल कार्यालय: ते घेतलं की मांडव, आचारी, पाण्याची सोय, चपलांची जागा सगळं त्यात आलं. मांडववाला कोण हे वऱ्हाडाला ठाऊक नसतं. नुसता विंडो मॅनेजर घेणं म्हणजे मोकळं मैदान भाड्याने घेऊन मांडववाल्याशी स्वतः बोलणं. स्वस्त पडतं, हवं तसं करता येतं, आणि मुहूर्ताच्या दिवशी पाण्याचा टँकर सांगायचा राहिला हे जेवणाच्या पंगतीत कळतं.

टीव्हीवर मी काय केलं होतं

२०२१ च्या सुरुवातीला टीव्ही लावला तेव्हा मला काय हवं होतं? चालू केल्यावर क्रोमियम ब्राउझर पूर्ण पडदाभर उघडावा, माऊसचा बाण दिसू नये, पडदा आपोआप काळा होऊ नये आणि रात्री अकराला टीव्ही बंद व्हावा. मी एलएक्ससेशनच्या ऑटोस्टार्ट फाईलमध्ये (मशीन चालू होताच काय काय सुरू करायचं ते यात लिहितात) ओळी घातल्या: क्रोमियमची एक, पडदा जागा ठेवायला एक्ससेटच्या दोन, बाण लपवायला अनक्लटरची एक, शिवाय रात्रीची स्क्रिप्ट. वर हौस म्हणून ओपनबॉक्सच्या आरसी.एक्सएमएल छापाच्या फाईलमध्ये एक शॉर्टकट टाकला, म्हणजे ब्राउझर अडकला तर वॉचमनने छोट्या कीबोर्डवर दोन बटणं एकत्र दाबायची आणि तो पुन्हा सुरू होणार. वॉचमनला ते इतकं आवडलं की काही नसतानाही तो दाबून बघायचा.

वाचनालयाच्या मशीनवर मी यातलं काहीच केलं नाही. कार्ड लिहिलं, भाषा आणि वेळ निवडली, वॉलपेपर तसाच ठेवला. एकच गोष्ट हाताने केली: कीबोर्डचे इंग्रजी आणि देवनागरी असे दोन लेआउट, ऑल्ट-शिफ्ट दाबलं की अदलाबदल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला बदल

नोव्हेंबर २०२१ मध्ये बुल्सआय ही सिस्टिमची नवी आवृत्ती आली. दोन जीबी किंवा त्याहून जास्त रॅम असलेल्या पायवर ओपनबॉक्सच्या जागी मटर आला, तोच जो जीनोमच्या पोटात असतो. कमी रॅमवाल्यांना ओपनबॉक्सच ठेवला. एकाच सिस्टिममध्ये रॅम बघून विंडो मॅनेजर ठरतो, ही कल्पना मला तेव्हा हास्यास्पद वाटली होती. आज वाटतं, हिंमत लागते असं करायला. बाकीचं सगळं इतकं घट्ट बांधलेलं असावं लागतं की खालचा खांब बदलला तरी वरच्या मजल्यावर कप हलू नये.

काकांचा कप हलला नाही. उलट टास्कबारच्या बाजूला सूचना दिसायला लागल्या, तेवढं त्यांना आवडलं.

टीव्हीवर क्रोमियम उघडलं, रात्री टीव्ही बंदही झाला, कारण ऑटोस्टार्ट एलएक्ससेशनचं होतं आणि एलएक्ससेशन जागेवर होतं. पण वॉचमनचा शॉर्टकट गेला. मटर ओपनबॉक्सची फाईल कशाला वाचेल? मला हे समजायला एक संध्याकाळ लागली. ती अख्खी संध्याकाळ मी एका फाईलमध्ये स्पेलिंगची चूक शोधत होतो, आणि ती फाईल उघडणारं कुणी शिल्लकच नव्हतं.

दुसरा बदल, खरा जड

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुकवर्म ही पुढची आवृत्ती आली आणि पाय ४ (४०० त्यातच धरून) व ५ वर खिडक्या पडद्यावर दाखवणारी जुनी व्यवस्था, एक्स, जाऊन नवी, वेलँड, आली. हा फरक थोडा उलगडून सांगायला हवा, कारण विंडो मॅनेजर साधा असतो ही समजूत इथेच तुटते.

एक्सच्या दुनियेत पडद्याचा मालक एक्स सर्व्हर. विंडो मॅनेजर हा त्याच्यापुढे उभा असलेला आणखी एक प्रोग्राम, खिडक्या कुठे ठेवायच्या एवढं सांगणारा. चालू सेशनमध्ये तो काढून दुसरा बसवता यायचा. म्हणूनच दोन हजार ओळींच्या आत विंडो मॅनेजर लिहून दाखवण्याची परंपरा तिथे जन्मली. वेलँडमध्ये हा मधला सर्व्हर नाही. कंपोझिटर म्हणजेच पडद्याचा मालक, खिडक्यांचा व्यवस्थापक, आणि कीबोर्ड-माऊसचं ऐकणाराही. टास्कबारला तळाशी चिकटून बसायचं असेल, उघड्या खिडक्यांची यादी हवी असेल, पडद्याचं रिझोल्यूशन बदलायचं असेल, तर कंपोझिटरने ते ते दार उघडं ठेवलेलं असलं पाहिजे. जीनोमचा मटर परक्या पॅनेलला चिकटून बसू देणारं लेअर-शेल नावाचं दार उघडत नाही. त्याचं पॅनेल त्याच्या घरातच आहे. डब्ल्यूएलरूट्स या तयार कोडच्या लायब्ररीवर बांधलेले कंपोझिटर ते उघडतात. रास्पबेरी पायने त्या कुळातला वेफायर निवडला.

जुनं एलएक्सपॅनेल एक्सशिवाय चालत नव्हतं. म्हणून त्यांनी वेफायरचं पॅनेल घेतलं, आणि मेनू, वायफाय, ब्लूटूथ, आवाज, पेन ड्राइव्ह बाहेर काढायचं बटण, हे सगळे प्लगइन त्यावर पुन्हा बसवले. दिसायला अगदी आधीसारखे. आतमध्ये आवाजासाठी पाइपवायर आलं, नेटवर्कसाठी नेटवर्कमॅनेजर आला. इतकं सगळं उलथंपालथं करून शेवटी काय दाखवलं, तर काही बदललं नाही असं. इतक्या कष्टाचं इतकं अदृश्य फळ मी क्वचितच पाहिलं असेल.

त्या पेन ड्राइव्हच्या बटणाकडे जरा बघू. काका पेन ड्राइव्ह सरळ उपटतात. चार वर्षं सांगतोय, उपटतात. उपटला की कोपऱ्यात निरोप येतो: ड्राइव्ह न सोडवता काढला, पुढच्या वेळी मेनूतून काढा. ओपनबॉक्स होता तेव्हा हा निरोप यायचा, मटर आला तेव्हाही, वेफायर आला तेव्हाही. हा निरोप विंडो मॅनेजर देत नाही. पॅनेलमधला एक चिमुकला प्लगइन ड्राइव्हवर नजर ठेवून असतो, तो देतो. कुणीतरी आठवणीने तो नव्या पॅनेलवर आणला म्हणून काकांना तो आजही दिसतो, आणि ते आजही त्याकडे दुर्लक्ष करतात.

आता टीव्हीकडे. नवं कार्ड घातलं, जुनी ऑटोस्टार्ट फाईल जागच्या जागी ठेवली, चालू केलं. पडद्यावर वॉलपेपर, वर टास्कबार, मधोमध माऊसचा बाण. बस. सूचनांचा पत्ता नाही. वेफायर एलएक्ससेशनच्या फाईलीकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला सगळं वेफायर.आयएनआय या फाईलीत ऑटोस्टार्टच्या विभागात हवं. ते केलं, तर क्रोमियम आलं. एक्ससेट निरुपयोगी, कारण एक्सच नाही. अनक्लटर बाण लपवेना, तेही त्याच कारणाने. रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये पडदा बंद करायला डब्ल्यूएलआर-रँडर घातलं. घरून टीव्ही बघायला मी जे व्हीएनसी वापरायचो त्याचा सर्व्हरही बदलून वेव्हीएनसी झाला होता. दोन दिवस सूचना कागदावर लावल्या. सेक्रेटरी म्हणाले, "कागद बरा होता की रे."

आणि त्याच संध्याकाळी वाचनालयाच्या मशीनवर मी ऑल्ट-शिफ्ट दाबलं. काहीच झालं नाही.

पूर्वी दोन लेआउट एकाच सामायिक फाईलीत लिहिले होते. वेफायरला तेच त्याच्या स्वतःच्या फाईलीत, इनपुटच्या विभागात हवे होते. ओळ टाकली, ळ उमटला, ऱ्य उमटला, कार्ड जागेवर ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता काका बसले आणि पत्र लिहायला लागले. काकांना पत्ता लागला नाही याचं श्रेय रास्पबेरी पायचं आहेच, पण जिथे मी त्यांच्या ठरलेल्या वाटेवरून एक पाऊल बाहेर टाकलं होतं तिथे ते श्रेय आदल्या रात्रीच्या माझ्या जागरणाचं. जोडणीचं काम कुणीतरी करावंच लागतं. ते वरून झालेलं नसेल तर घरातलं कुणीतरी करतं.

तिसरा बदल

वेफायरच्या पुढच्या विकासाची दिशा पायच्या हार्डवेअरला मानवेना, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये रास्पबेरी पाय लॅबडब्ल्यूसीवर गेलं, तेही सगळ्याच मॉडेलांवर, जुन्यांवरसुद्धा. हाही डब्ल्यूएलरूट्सच्याच कुळातला, त्यामुळे नवं पॅनेल त्यावर तसंच बसलं. गंमत म्हणजे लॅबडब्ल्यूसी ओपनबॉक्सच्या धाटणीवर रचलेला आहे, त्याची आरसी.एक्सएमएलही ओपनबॉक्सच्याच वळणाची. वॉचमनचा शॉर्टकट तीन वर्षांनी मी जवळजवळ जुन्याच ओळीत परत आणला.

पण त्याआधी व्हायचं ते झालं. अपडेट झाल्यावर पडद्यावर विचारणा आली, नव्यावर जायचं का? हो म्हटलं. रिबूटनंतर पुन्हा वॉलपेपर आणि बाण. या वेळी मला रोग माहीत होता. लॅबडब्ल्यूसीची ऑटोस्टार्ट फाईल म्हणजे सरळ शेल स्क्रिप्ट, वरून खाली एकेक ओळ चालवणारी. पहिल्या ओळीत क्रोमियम, दुसऱ्या ओळीत रात्रीची स्क्रिप्ट. सूचना दिसल्या, घरी गेलो.

सकाळी वॉचमन म्हणाला, "साहेब, टीव्ही रात्रभर चालूच होता."

पहिल्या ओळीच्या शेवटी मी अँडचं चिन्ह (&) द्यायला विसरलो होतो. ते नसलं की शेल क्रोमियम बंद व्हायची वाट बघत बसतं, आणि सूचनाफलकावरचं क्रोमियम कधी बंद होतच नाही. दुसरी ओळ रात्रभर रांगेत उभी होती. वेफायरच्या फाईलीत प्रत्येक ओळ स्वतंत्र असायची, तिथे असल्या चिन्हाची गरज नव्हती. माझी सवय त्या फाईलीची, फाईल मात्र दुसरीच.

काकांच्या मशीनवर लेआउट आता तिसऱ्या जागी लिहावे लागले, लॅबडब्ल्यूसीच्या एन्व्हायर्नमेंट नावाच्या फाईलीत. या वेळी आधीच केलं होतं. पेन ड्राइव्हचा निरोप येत होता. पत्रं जात होती.

माझ्या लॅपटॉपचं काय

इथपर्यंत वाचून कुणी विचारेल, मग तू स्वे का वापरतोस? वापरतो, कारण माझं काम चार टर्मिनल, एक ब्राउझर आणि एक पीडीएफ यांत असतं, आणि खिडक्या कुठे जातील हे मला न बघता ठाऊक असतं. त्या बदल्यात काय द्यावं लागतं हेही सांगायला हवं. एकदा मीटिंगमध्ये पडदा शेअर करा म्हणाले. बटण दाबलं, काळा चौकोन. डब्ल्यूएलरूट्सवाल्यांसाठी वेगळं पोर्टल, म्हणजे ॲप आणि कंपोझिटर यांच्यातला मध्यस्थ प्रोग्राम, लागतं, ते मी टाकलं नव्हतं. ते टाकलं, तर फ्लॅटपॅक पद्धतीने बसवलेल्या ॲपमधून फाईल निवडायची खिडकी उघडेना, कारण ते पोर्टल पडदा देतं, फाईल निवडायची खिडकी देत नाही. त्यासाठी जीटीकेचं आणखी एक पोर्टल. पासवर्ड मागणारा पॉलकिटचा एजंट सुरू नसेल तर काही प्रोग्राम चूकही दाखवत नाहीत, नुसते गप्प बसतात. पेन ड्राइव्ह लावला तर तो आपणहून दिसत नाही, उपटला तर कुणी ओरडत नाही.

या सगळ्याची यादी माझ्या डोक्यात आहे. विंडो मॅनेजर हलका असतो असं आपण म्हणतो तेव्हा मशीनच्या रॅमविषयी बोलत असतो. उरलेला भार वापरणाऱ्याच्या डोक्यात गेलेला असतो आणि तो कुठल्याच टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही. मला तो भार चालतो, थोडी मजाही येते. माझी चूक ही की टीव्हीवरही मी तीच मजा केली, आणि त्याचा भार सेक्रेटरी, वॉचमन आणि वीजबिल यांच्यावर टाकला. सूचनाफलक ही माझ्या लॅपटॉपसारखी गोष्ट नाही. मी उद्या दुसऱ्या गावी राहायला गेलो तर ती फाईल कुणाला कळणार?

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी माथियास एटरिश या जर्मन विद्यार्थ्याने केडीईची घोषणा केली, तेव्हा त्याचं गाऱ्हाणं साधारण हेच होतं: युनिक्सवर चांगले विंडो मॅनेजर आहेत, चांगले प्रोग्रामही आहेत, पण ते एकमेकांना ओळखत नाहीत, आणि सामान्य माणसाला त्यातून एकसंध असं काही मिळत नाही. जवळपास तीस वर्षं झाली. ओळख करून देणारा मधला माणूस अजूनही लागतोच.

टीव्हीचं मी शेवटी असं केलं. ऑटोस्टार्ट फाईल पाच ओळींवर आणली, प्रत्येक ओळीच्या वर ती कशासाठी आहे हे मराठीत लिहिलं, आणि टीव्हीच्या पाठीवर एक कागद चिकटवला. त्यावर फाईलीची जागा लिहिलेली आहे. आधीच्या दोन जागा खोडून.

आणि मग २०२५

ऑक्टोबर २०२५ मध्ये डेबियन लिनक्सच्या ट्रिक्सीवर आधारलेली नवी आवृत्ती आली. या वेळी कंपोझिटर बदलला नाही, लॅबडब्ल्यूसीच राहिला. बदललं ते वरचं: नवे आयकॉन, नवा फॉन्ट, नवे वॉलपेपर. आणि मेनूत विखुरलेल्या सेटिंगच्या वेगवेगळ्या खिडक्या, म्हणजे माऊस-कीबोर्डची एक, दिसण्याची एक, पडद्याची एक, प्रिंटरची एक, या सगळ्या एका कंट्रोल सेंटरमध्ये आणल्या. माझ्या मते पाच वर्षांतली ही सगळ्यात शहाणपणाची सुधारणा. प्रत्येक तुकडा कुठल्या खोलीत ठेवलाय हे आता लक्षात ठेवायला नको.

दोन्ही कार्डं नेहमीप्रमाणे एका संध्याकाळी लिहिली. टीव्हीवर फाईल नेऊन ठेवली, चालू केलं, पहिल्या फटक्यात सूचना फिरायला लागल्या. अकराला टीव्ही बंद झाला. वॉचमनने शॉर्टकट दाबून बघितला, तोही चालला. मी खूश होऊन झोपलो.

सकाळी सव्वानऊला काकांचा फोन.

"अरे, मेनूतलं ते माऊसचं कुठे गेलं? आणि अक्षर का बदललंस? चार वर्षं कशालाही हात लावला नव्हतास, सगळं छान चाललं होतं. आताच काय सुचलं?"